भाकरीतले लोह, रक्तातले लोह

बाजरीच्या ‘धनशक्ती’ वाणाचे कौतुक करताना एक आकडा हमखास सांगितला जातो : किलोमागे ७१ मिलिग्रॅम लोह. हे वाण राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची ‘इक्रिसॅट’ यांच्या सहकार्यातून आले व २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाले. त्याचे मूळ आफ्रिकेतल्या टोगोच्या बाजरीत. तिच्यापासून निघालेले ‘आयसीटीपी ८२०३’ हे वाण १९८८पासून आपल्याकडे होते; त्यातूनच अधिक लोहाची झाडे निवडत ‘धनशक्ती’ घडली. ती संकरित नाही, म्हणून घरचे बी राखता येते. पारनेर-पाथर्डीच्या कोरडवाहू शेतकऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. पण दाण्यातले लोह रक्तात किती उतरते, हा प्रश्न त्या आकड्याने सुटत नाही.

तो प्रश्न ज्युलिया फिंकलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी हाती घेतला. त्यांचा निबंध २०१५ साली ‘जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मध्ये आला. महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींचे दोन गट करून सहा महिने, दिवसातून दोनदा, एका गटाला लोहसमृद्ध आणि दुसऱ्याला नेहमीच्या बाजरीची भाकरी दिली. या अभ्यासाचे मला सर्वांत पटलेले अंग म्हणजे निदानाची काळजी. केवळ हिमोग्लोबिनवर न थांबता त्यांनी फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याची खूण, मोजली. अंगात दाह असला की फेरिटिन फसवे वाढते. म्हणून दाहाच्या तपासण्याही केल्या. लोहाची कमतरता असलेल्या मुलांपैकी लोहसमृद्ध भाकरी खाणाऱ्यांत ती दूर होण्याची शक्यता १.६४ पट आढळली.

निष्कर्ष मोलाचा आहे. प्रचारात मात्र त्याची अट गळून पडते. लाभ मुख्यतः ज्यांच्यात लोह कमी होते त्यांना झाला. शिवाय चाचणीतल्या पिठात लोह होते किलोमागे ८६ मिलिग्रॅम, तर तुलनेच्या पिठात २१ ते ५२. शेतात हे अंतर इतकेच राहील याची हमी कोण देणार? जमिनीनुसार दाण्यातले लोह बदलते. त्यात बाजरी परपरागित. शेजारच्या रानातले पराग आले की राखलेले बी दोन-चार हंगामांत मूळचे राहत नाही. पुढे मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड वर्षापर्यंतच्या बालकांवर अशीच चाचणी झाली. २०२२च्या त्या निबंधात सर्व मुलांचा मिळून लोहस्थितीवर ठळक परिणाम दिसला नाही. चिमुकल्या पोटात बाजरी जाते तरी किती, हेही पाहायला हवे.

माझा मुख्य आक्षेप मात्र स्वयंपाकघराबद्दल आहे. बाजरीतले फायटिक आम्ल लोहाला धरून ठेवते आणि आतड्यात शोषू देत नाही. धान्य भिजवले, मोड आणले किंवा पीठ आंबवले की ते आम्ल बऱ्याच अंशी मोडते. आपल्याकडची आंबील म्हणजे हीच प्रक्रिया. असे असताना वाण घडवणारे दाणा मोजतात, वैद्यक रक्त मोजते आणि मधली चूल कुणाच्याच खात्यात नाही. आंबिलीची आरती ओवाळावी असेही नाही : ताकातले कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणू शकते. तेव्हा नुसत्या पाण्यात आंबवलेले पीठ बरे की ताकातले, हे ठरायला चाचणीच हवी.

ती करायला परदेशी निधीची वाट पाहायचे कारण नाही. नगर जिल्ह्यात कृषी विद्यापीठ आहे, वसतिगृहे आहेत, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. एकाच धनशक्तीची साधी भाकरी आणि आंबवलेल्या पिठाची भाकरी दोन गटांना द्यावी, फेरिटिन आणि दाह दोन्ही तपासावेत. त्या चाचणीचा आकडा आल्यावर पिशवीवर ७१ छापायला माझी हरकत नाही. शेजारी तोही छापावा, एवढेच.