प्रथम वाचनाची फसगत : ‘द मूनस्टोन’संबंधी एक टिपण

रहस्यप्रधान कादंबरी एकदाच वाचावयाची असते, असा समज रूढ आहे. चोर कोण हे कळले की तिच्यात काही उरत नाही, आणि म्हणून ती गंभीर समीक्षेचा विषय होऊ शकत नाही, असे अनुमान त्यावरून काढले जाते. अनुमान चुकीचे आहे. समज मात्र सर्वस्वी चुकीचा नाही. अशा कादंबरीचे प्रथम वाचन खरोखरच पुन्हा लाभत नाही, आणि त्या वाचनात वाचकाचे जे अज्ञान असते ते त्याचे न्यून नसून कृतीच्या घडणीचाच एक भाग असते. आपल्या साहित्यशास्त्राला या अज्ञानाचा विचार करण्याचा प्रसंग फारसा आला नाही. शकुंतलेचे आख्यान महाभारतात आहे. ते ठाऊक असल्याने कालिदासाच्या नाटकाच्या आस्वादास बाध येत नाही. रहस्यकथेत नेमके उलट आहे, आणि तिच्याविषयी बोलताना आपली परिभाषा अपुरी पडते ती येथेच.

विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही इंग्रजीतील या प्रकारची आद्य कादंबऱ्यांपैकी एक, टी. एस. एलियटसारख्या समीक्षकाने तिला अग्रस्थान दिले आहे. डिकन्सच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात ४ जानेवारी ते ८ ऑगस्ट १८६८ या काळात ती क्रमशः प्रसिद्ध झाली. त्या वाचकांना बत्तीस आठवडे प्रथम वाचनच करीत राहावे लागले. पान उलटून शेवट पाहण्याची सोयच त्यांना नव्हती!

प्रस्तुत लेखकाने ही कादंबरी बरीच उशिरा, अध्यापनास लागल्यानंतर, प्रथम वाचली. चोराचे नाव मी या टिपणात सांगणार नाही. हा संकोच नव्हे. माझ्या मुद्द्यास त्या नावाची गरजच पडत नाही.

कथा थोडक्यात अशी. १८४८ च्या जूनमध्ये रेचल व्हेरिंडर या तरुणीला तिच्या वाढदिवशी मामाच्या मृत्युपत्रानुसार एक अमूल्य हिरा मिळतो आणि त्याच रात्री तो नाहीसा होतो. पुढे घटनांशी संबंधित व्यक्तींनी एकामागून एक आपापली हकीकत लिहावयाची, अशी योजना आहे. या योजनेचा एक कडक नियम आहे : ज्याने त्याने स्वतः अनुभवलेले तेवढेच सांगावे, नंतर कळलेले आधी सांगू नये. वृद्ध कारभारी गॅब्रिएल बेटरेज हा नियम पाळताना अधूनमधून कुरकुरतो. त्याला शेवट ठाऊक आहे, पण तो ठाऊक नसल्यासारखे लिहिणे त्याला भाग आहे. म्हणजे वाचकाचे अज्ञान राखण्याची जबाबदारी येथे पात्रांवरच सोपविलेली आहे. बेटरेज इतका लाघवी, ‘रॉबिन्सन क्रूसो’वर त्याची श्रद्धा इतकी भाबडी, की दहा-वीस पानांतच आपण त्याच्या घरचे होऊन जातो.

फसगत होते ती येथे. कारण बेटरेजच्या आधी आपण एक पूर्वकथन वाचलेले असते. ते १७९९ मधील श्रीरंगपट्टणच्या पाडावाचे आहे. लुटीस सक्त मनाई असताना जॉन हर्नकॅसल हा अधिकारी शस्त्रागारात, एका हातात मशाल व दुसऱ्या हातात रक्ताने माखलेला खंजीर घेऊन उभा दिसतो. भोवती प्रेते पडली आहेत. हा हिरा त्या खंजिराच्या मुठीत बसविलेला आहे. हे लिहिणारा त्याचा चुलतभाऊ त्याच्याशी संबंध तोडतो, पण पुराव्याअभावी जाहीर आरोप करीत नाही. जे लिहितो ते कुटुंबातील मंडळींसाठी. हाच हर्नकॅसल रेचलचा मामा. तेव्हा हिरा कोणी चोरला, या प्रश्नाचे एक उत्तर आरंभीच देऊन ठेवलेले आहे. तरीही दोनशे पाने आपण त्याच प्रश्नाच्या मागे धावतो!

हिऱ्याच्या मागावर आलेले तीन ब्राह्मण जादूगारांच्या वेषात व्हेरिंडरांच्या घरी येतात. त्या रात्री ते दुसरीकडे होते, हे सिद्ध होते. तरीही भटके म्हणून त्यांना काही दिवस कोठडीत डांबले जाते आणि बेटरेज त्यावर, न्यायसंस्थाही ताणली की ताणते अशा अर्थाची, मिस्कील टिप्पणी करतो. प्रथम वाचनात मी या टिप्पणीवर हसलो, हे कबूल केले पाहिजे. सोमनाथ हे शिवक्षेत्र असता कॉलिन्सने तेथे चंद्रदेवतेची चतुर्भुज मूर्ती बसविली, ही चूक मात्र माझ्या ध्यानात तत्काळ आली होती. तपशिलातील चूक पकडणारा भारतीय वाचकही मूळ अपराध विसरून बेटरेजच्या बाजूने उभा राहतो, इतके निवेदनाचे सामर्थ्य मोठे आहे.

हे कॉलिन्सने जाणूनबुजून केले काय? माझ्या मते केले. प्रस्तावनेत तो कोहिनूरचा उल्लेख करतो. कोहिनूर १८४९ मध्ये लाहोर दरबाराकडून घेतला गेला व १८५० मध्ये राणीच्या हाती पडला. कादंबरीतील हिरा त्याच १८५० मध्ये सोमनाथास परत पोहोचतो. मात्र एवढ्यावरून त्याला साम्राज्याचा कठोर टीकाकार ठरविणे हा अतिरेक होईल. ते तिघे ब्राह्मण त्याच्या लेखी गूढ व प्रसंगी खून करणारेच राहतात, आणि हकीकत लिहावयास सांगितलेल्या इतक्या साक्षीदारांत त्यांच्यापैकी एकालाही स्थान नाही. कर्तव्यासाठी जात गमावलेले ते तिघे अखेरीस परस्परांना कायमचे अंतरून तीन दिशांना यात्रेस निघतात, हेसुद्धा आपल्याला मर्थवेट या इंग्रज प्रवाशाच्या लेखणीतून कळते. तेथे जी करुण उदात्तता आहे तिला साऱ्या कादंबरीत तोड नाही.

शेवटचे पान संपल्यावर मी आरंभाकडे परत गेलो. पहिल्या वेळी वाचताना पेन्सिलीने केलेल्या खुणा ठिकठिकाणी होत्या : दारावरच्या ओल्या रंगाला लागलेला धक्का, सार्जंट कफचे प्रश्न, मोलकरीण रोझॅनाचे संशयास्पद येणेजाणे. श्रीरंगपट्टणच्या त्या चार-सहा पानांच्या समासात एकही खूण नव्हती.