नोकरीत्यागाच्या कथेचे पुनर्वाचन : किर्लोस्करवाडी ते जावळी

प्रस्तावना

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण मराठी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या उच्चारली. मात्र गेल्या शतकभरात आचरण नेमके तिच्या उलट केले. शेती कनिष्ठ ठरली आणि नोकरी उत्तम. अलीकडच्या काळात हा क्रम पुन्हा फिरवण्याचा प्रयत्न महाविद्यालयीन व्यासपीठांवरून होताना दिसतो. उद्योजकता विकास कक्ष, करिअर मार्गदर्शन शिबिरे, राष्ट्रीय सेवा योजनेचे बौद्धिक वर्ग अशा ठिकाणी ‘नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे व्हा’ असा उपदेश केला जातो. या उपदेशाला आधार म्हणून सातारा-सांगली परिसरात हमखास सांगितली जाणारी कथा म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्करांची.

प्रस्तुत लेखकानेही मेढ्यातील विद्यार्थ्यांपुढे ही कथा अनेकदा सांगितली आहे. एका व्याख्यानानंतर मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, नोकरी सोडण्यात एवढा फायदा आहे, तर तुम्ही का सोडत नाही?” वर्गात हशा पिकला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. त्या विद्यार्थ्याचे वडील नवी मुंबईच्या बाजारात माथाडी कामगार होते. प्रस्तुत लेखकाने तासिका तत्त्वावर काढलेली वर्षे आणि नंतर मिळालेली कायम नेमणूक यांतील अंतर त्या क्षणी स्वतःच्याच मनात उभे राहिले. ज्याला नोकरीची किंमत ठाऊक आहे, त्याने ती सोडण्याचा महिमा सांगावा, यात काही विसंगती आहे काय? या प्रश्नातून प्रस्तुत लेखाची निर्मिती झाली. येथे किर्लोस्करांचे कर्तृत्व तपासावयाचे नसून, त्यांच्या जीवनाची कथा आपण ज्या पद्धतीने सांगतो त्या पद्धतीची समीक्षा करावयाची आहे.

कथेची प्रचलित रचना

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु रंग ओळखण्यातील दोषामुळे त्यांना रंगचित्रण सोडून यांत्रिक रेखनाकडे वळावे लागले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत ते अध्यापक झाले. तेथे त्यांना डावलून बढती दुसऱ्यास दिली गेली, म्हणून त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला, बेळगावात सायकलचे दुकान काढले, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. कथा साधारणतः अशी सांगितली जाते.

वाङ्मयीन दृष्टीने पाहता ही रचना नाट्यपूर्ण आहे. अपमान, त्याग, संघर्ष आणि विजय असे चार अंक तिच्यात स्पष्ट दिसतात. राजीनामा हा तिचा उत्कर्षबिंदू. श्रोत्याच्या मनावर ठसतो तो हाच क्षण, आणि म्हणूनच यशाचे कारण राजीनाम्यात आहे असा समज नकळत दृढ होतो.

या कथेची परंपराही लक्षात घेतली पाहिजे. लक्ष्मणरावांचे मराठी चरित्र ‘यांत्रिकाची यात्रा’ हे त्यांचे पुतणे शं. वा. किर्लोस्कर यांनी लिहिले. १९२० मध्ये कारखान्याचे वार्तापत्र म्हणून निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे पुढे ‘किर्लोस्कर’ या मान्यवर मासिकात रूपांतर झाले, त्याचे संपादकही तेच होते. म्हणजे उद्योग घडवणारे आणि उद्योगाची कथा घडवणारे एकाच घरातील होते. यामुळे कथा असत्य ठरत नाही. मात्र घरच्या माणसाने लिहिलेल्या चरित्रात कौतुकाचा सूर स्वाभाविक असतो, हे वाचकाने विसरू नये. आपण व्याख्यानांतून जे सांगतो ते तर मूळ चरित्रही नव्हे; ती त्याच्या सारांशाची आणखी संक्षिप्त आवृत्ती असते.

वगळला जाणारा भाग

या संक्षेपात काय गळते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

पहिली बाब कालक्रमाची. किर्लोस्कर उद्योगाचे स्थापनावर्ष १८८८ मानले जाते. लक्ष्मणराव मुंबईत नोकरीत असतानाच सायकली खरेदी करून बेळगावला पाठवत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या तेथे विकत व लोकांना चालवायला शिकवत. म्हणजे राजीनाम्यापूर्वीच व्यवसायाचा पाया घातला गेला होता. नोकरी सोडून व्यवसाय सुरू झाला असे म्हणण्यापेक्षा, व्यवसाय उभा राहू लागल्यावर नोकरी सुटली असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

दुसरी बाब कौशल्याची. यांत्रिक रेखन, यंत्रांची हाताळणी, इंग्रजी ग्रंथांचा परिचय ही शिदोरी त्यांना शिक्षणातून आणि त्याच संस्थेतील नोकरीतून मिळाली. ज्या नोकरीचा त्याग केला, तिचीच पुंजी पुढे नांगराच्या साच्यात ओतली गेली.

तिसरी बाब प्रतीक्षेची. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, या समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात. पहिले सहा नांगर विकण्यास दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. दोन वर्षे माल पडून राहिला असताना घर कोणाच्या मिळकतीवर चालले, हा प्रश्न आपल्या व्याख्यानांत कधीच येत नाही. एकत्र कुटुंब, भावाचे दुकान, घरातील स्त्रियांचे श्रम या सर्वांनी तो काळ तोलून धरला असणार. कथेत मात्र एकट्या नायकाची जिद्दच उरते.

चौथी बाब आश्रयाची. बेळगाव नगरपालिकेच्या निर्णयामुळे कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा उद्योग संपुष्टात येण्याची वेळ आली होती. त्या वेळी लक्ष्मणराव औंध येथे यमाई मंदिराच्या सभामंडपाचे काम करीत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. रेल्वेलगतची जमीन, व्याजाविना भांडवल आणि संस्थानिकाचा विश्वास या तीन गोष्टी नसत्या, तर राजीनामा तितकाच बाणेदार राहिला असता, परंतु कथा सांगण्यास कोणी उरले नसते.

जावळीचा उलटा प्रवास

आता ही कथा ज्या श्रोत्यांपुढे सांगितली जाते त्यांचा विचार करू. मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. वेण्णा आणि कोयना यांच्या खोऱ्यांतील हा डोंगराळ, अतिपावसाचा मुलूख. भात-नाचणीची तुकड्यांतली शेती वर्षभर पुरत नसल्याने येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस गेले. गिरण्या, गोदी, बाजारपेठा हीच त्यांची कर्मभूमी. वडील मुंबईत, आई गावी आणि मूल आजीजवळ, ही येथील असंख्य कुटुंबांची रचना आहे.

‘पारंपरिक नोकरी सोडून स्वयंरोजगार’ हे शब्द आपण वापरतो, तेव्हा नोकरी ही परंपरा आणि स्वयंरोजगार हे नवे पाऊल असे गृहीत धरतो. जावळीच्या बाबतीत हे गृहीतक उलटे आहे. येथे परंपरा आहे ती स्वयंरोजगाराची; स्वतःच्या तुकड्यावर स्वतः राबणारा शेतकरी स्वयंरोजगारितच होता. नोकरी ही नंतर आली, आणि तीही सहज आली नाही. माथाडी कामगार आरंभी ना नोकरदार होता ना व्यावसायिक. पाठीवरच्या ओझ्यागणिक हातावर पैसे पडत. पाटण तालुक्यातून मुंबईस गेलेल्या अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, वैद्यकीय साहाय्य या गोष्टी हमालाच्या वाट्याला आल्या त्या त्यामुळे. गिरणी कामगारांचा अनुभव याच्या दुसऱ्या टोकाचा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर हजारो कामगारांची नोकरी सुटली. परंतु ती त्यांनी सोडलेली नव्हती. त्यानंतर हातगाडी, वडापावची गाडी किंवा भाजीचा धंदा करणाऱ्यास आकडेवारीत स्वयंरोजगारित म्हटले जाईल. त्यास उद्योजक म्हणावे काय?

२०२२-२३ च्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार देशातील काम करणाऱ्यांपैकी सुमारे ५७ टक्के लोक स्वयंरोजगारात आहेत. नियमित वेतनाची नोकरी असणारे सुमारे २१ टक्केच आहेत. स्वयंरोजगारितांमध्ये घरच्या शेतीत वा धंद्यात विनावेतन राबणाऱ्यांचे प्रमाण एकूण काम करणाऱ्यांच्या सुमारे १८ टक्के आहे. या पार्श्वभूमीवर स्वयंरोजगार हा शब्दच स्वयमेव प्रगतीचा वाचक मानणे योग्य नव्हे. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नामागे हे सारे होते. ज्याच्या बापाने स्वयंरोजगारातून नोकरीत येण्यासाठी आयुष्य वेचले, त्यास आपण नोकरी सोडण्याचे धैर्य शिकवीत होतो.

स्वयंरोजगाराचे लाभ : पुनर्विचार

याचा अर्थ नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय करण्यात लाभ नाहीत असा मुळीच नव्हे. ते नेमके कोणते, हे मात्र ठरवले पाहिजे. पहिला लाभ उत्पन्नाचा सांगितला जातो. तो सर्वांत अनिश्चित आहे. ‘आपण आपले मालक’ हा दुसरा; परंतु गिऱ्हाईक, बँक आणि बाजारभाव हेही मालकच असतात.

प्रस्तुत लेखकाच्या मते खरे लाभ तीन आहेत. आपल्या कामाचा दर्जा आपण ठरवण्याचा अधिकार, हा पहिला. लक्ष्मणरावांना नोकरीत नाकारला गेला तो मूलतः हाच. गुणवत्तेचा निवाडा दुसऱ्याच्या हाती होता. दुसरा, ज्ञान ज्या मातीत हवे त्या मातीत नेण्याची मुभा. अध्यापक म्हणून त्यांचे रेखन फळ्यावर राहिले असते. कारखानदार म्हणून ते शेतकऱ्याच्या शेतात उतरले. तिसरा, इतरांना काम आणि आसरा देण्याची शक्यता. किर्लोस्करवाडी ही कारखान्याबरोबर वसाहतही झाली, आणि जावळीसारख्या मुंबईकडे रिकाम्या होणाऱ्या तालुक्यास या तिसऱ्या लाभाचे मोल सर्वाधिक आहे.

परंतु हे लाभ पदरात पडतात ते नोकरीचा द्वेष करून नव्हे, तर नोकरीतून काही घेऊन बाहेर पडल्याने. याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातच आहे. विटा-खानापूर-आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील सोन्याचांदीची गलाई करणारे लोक भारतभर पसरले. मुलगा प्रथम नात्यातल्या वा गावातल्या माणसाच्या दुकानी राबतो, धंद्याचे मर्म शिकतो, विश्वास मिळवतो आणि मग स्वतःचे दुकान काढतो. येथे नोकरी ही स्वयंरोजगाराची शत्रू नसून उमेदवारी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीही किर्लोस्करांच्या नांगराची विक्री केली, साताऱ्याच्या कूपर यांच्याबरोबर काम केले. १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र रुजवताना त्यांच्यामागे हा बाजाराचा अनुभव होता. त्यांच्या विचारात कमावणे आणि शिकणे ही दोन टोके नव्हती.

राहिला प्रश्न आश्रयाचा. औंधच्या राजाची जागा आता शासकीय योजनांनी घ्यावी, अशी अपेक्षा आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आर्थिक मागास विकास महामंडळाला अण्णासाहेब पाटील यांचेच नाव आहे, आणि हे महामंडळ स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या बँक कर्जावरील व्याजाचा परतावा देते. ज्या नेत्याने हमालास नियमित रोजगाराचे संरक्षण मिळवून दिले, त्याच्या नावे हमालाच्या मुलास धंद्याचे कर्ज मिळावे, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. मात्र व्याज परत मिळण्याआधी बँकेने कर्ज मंजूर करावे लागते, आणि तेथे तारण, जामीनदार व अनुभव यांची विचारणा होते. बाळासाहेबांनी माणूस पाहून जमीन दिली. बँक कागद पाहते. हा फरक विद्यार्थ्यांस आधीच सांगणे हे मार्गदर्शकाचे कर्तव्य होय.

समारोप

सारांश, लक्ष्मणराव किर्लोस्करांची कथा सांगणे आपण थांबवू नये. ती पूर्ण सांगावी. राजीनाम्याबरोबर बेळगावचे भावाचे दुकान सांगावे, जिद्दीबरोबर न विकले गेलेले नांगर सांगावेत, कर्तृत्वाबरोबर कुंडलचा माळ देणारा हात सांगावा. अर्धी सांगितलेली कथा श्रोत्यास प्रेरणा देते, पण अपयश आल्यास सारा दोष त्याच्याच माथी मारते. पूर्ण कथा सांगितल्यास त्याला आपल्या तयारीत काय आहे आणि काय नाही, याचा हिशेब मांडता येतो.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नास त्या दिवशी प्रस्तुत लेखकाने उत्तर टाळले होते. आज ते असे देता येईल : मी नोकरी सोडत नाही, कारण सोडताना सोबत नेता येईल असे दुसरे काम मी अद्याप उभे केलेले नाही. तुझ्या वडिलांनी मिळवलेली सुरक्षितता ही सोडून देण्याची वस्तू नव्हे. ते तुझे पहिले भांडवल आहे. ते कधी आणि कशात गुंतवायचे, हे ठरवण्याचा अधिकार तुझा. तो अधिकार डोळसपणे वापरता यावा एवढी माहिती तुला देणे, हे माझ्या नोकरीचे काम आहे.