तेरीज जुळते तेव्हा

कादंबरी, कविता, आत्मचरित्र यांची समीक्षा होते. पाठ्यपुस्तकाची होत नाही. परीक्षा संपली की ते रद्दीवाल्याकडे जाते किंवा धाकट्या भावंडाकडे. वास्तविक पहिल्या वर्षाला वाचलेल्या ‘परिचय’, ‘ओळख’, ‘मूलतत्त्वे’ अशा नावांच्या पुस्तकांतील काही गोष्टी माणूस जन्मभर बाळगतो. सिद्धान्ताचे नाव विसरते, गोष्ट राहते. पांढऱ्या उंदराला घाबरणारे बाळ, खून होताना खिडकीतून बघत राहिलेले ३८ शेजारी, हुकूम झाला म्हणून अनोळखी माणसाला विजेचे झटके देणारी साधीसुधी माणसे. ही मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाची पुराणे आहेत. पुराणांप्रमाणेच ती एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरतात आणि उतरताना बदलतात. म्हणून त्यांच्याकडे माहिती म्हणून न बघता संहिता म्हणून बघावे, असा या लेखाचा प्रयत्न आहे. गोष्ट कोण सांगतो, कोणाच्या बाजूने सांगतो आणि कोणाला वगळतो, हे प्रश्न कादंबरीला विचारायचे आणि पाठ्यपुस्तकाला त्यातून सूट द्यायची, याला काही कारण दिसत नाही.

या वाचनाला लागणारे साधन शेजारच्याच वर्गात शिकवले जाते. पुस्तपालनाच्या पहिल्या धड्यांत विद्यार्थी शिकतो की प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात: एक खाते नावे, दुसरे जमा. लुका पाचिओली या फ्रान्सिस्कन साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणितग्रंथात ही द्विनोंदी पद्धत मांडली. ती त्याने शोधून काढली नव्हती. तिथले व्यापारी ती आधीपासून वापरत होते. रोजकीर्दीतून खतावणी, खतावणीतून तेरीज, आणि तेरजेच्या दोन्ही बेरजा जुळल्या की विद्यार्थ्याचा जीव भांड्यात पडतो. पण पुढेच एक छोटे प्रकरण असते, ज्याकडे गुणांच्या हिशेबाने फारसे कोणी बघत नाही. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे नाही, हे त्या प्रकरणाचे सार. रक्कम एकाच बाजूला चुकली तर बेरजा भांडतात आणि चूक सापडते. एखादा व्यवहार मुळात नोंदलाच नाही, तर तो दोन्ही बाजूंनी सारखाच गैरहजर राहतो आणि तेरीज बिनबोभाट जुळते. लक्ष्मीपूजनाला वह्या पुजणाऱ्या दुकानदारालाही हे ठाऊक असते. वहीत न मांडलेली उधारी वही सांगत नाही.

प्रास्ताविक पाठ्यपुस्तकांतील प्रसिद्ध गोष्टींचा मुख्य दोष या जातीचा आहे. त्यांत थेट चुकाही आहेत. पण त्या कोणीतरी शोधतो आणि आज ना उद्या दुरुस्त होतात. वगळलेली माणसे मात्र सापडत नाहीत, कारण त्यांच्यावाचून गोष्ट पुरी वाटते.

पहिली गोष्ट बाळाची. जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी बाल्टिमोरमधील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हा प्रयोग केला आणि १९२० साली प्रसिद्ध केला. सुमारे अकरा महिन्यांच्या मुलापुढे पांढरा उंदीर आणायचा, त्याने हात लावला की मागे पोलादी कांबीवर हातोडा मारायचा. काही वेळा असे झाल्यावर मूल नुसता उंदीर दिसला तरी रडू लागले. मग ससा, कुत्रा, फरचा कोट यांनाही बिचकू लागले. भीती शिकवता येते, हे सिद्ध झाले. ‘अभिजात अभिसंधान’ ही संकल्पना समजावायला याहून सोपे उदाहरण नाही.

बेन हॅरिस या अभ्यासकाने १९७९ मध्ये ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात या गोष्टीच्या पाठ्यपुस्तकांतील आवृत्त्या मूळ निबंधाशी ताडून पाहिल्या. पोथ्यांची पाठचिकित्सा करावी तसेच हे काम होते. मुलाला घाबरवणाऱ्या वस्तूंच्या यादीत मांजर, माणसाची दाढी, टेडी अस्वल अशी भर पडत गेलेली त्याला आढळली. त्याहून बोलका बदल शेवटात होता. वॉटसनने नंतर मुलाची भीती काढून टाकली, असे काही पुस्तके सांगत होती. प्रत्यक्षात मूल रुग्णालयातून निघून गेले आणि भीती काढण्याचा प्रयत्न झालाच नाही. ते केव्हा जाणार हे प्रयोगकर्त्यांना आधी ठाऊक होते. भीती घालवण्याचे काम मेरी कव्हर जोन्स हिने १९२४ मध्ये प्रसिद्ध केले, आणि ते दुसऱ्याच मुलावर केलेले होते. गोड शेवट कोणी मुद्दाम बनवला असे मानायची गरज नाही. सांगणाऱ्याला गोष्ट बोचली आणि त्याने नकळत ती बोच काढली. म्हणजे नावे पडायची रक्कम जमेला गेली.

ही चूक हॅरिसने पकडली. वगळलेली नोंद वेगळीच आहे. त्या बाळाची आई त्याच आवारातील बालरुग्णालयात दूध पाजणारी दाई होती. मूळ निबंधात हा उल्लेख एका ओळीचा आहे. दुसऱ्यांच्या आजारी मुलांना दूध पाजून पोट भरणारी बाई आणि तिच्या मुलाच्या डोक्यामागे वाजणारा हातोडा, ही दोन चित्रे शेजारी ठेवली की प्रयोगाचा अर्थ बदलतो. नोकरी देणाऱ्या संस्थेतील विद्वानांना ती ‘नाही’ म्हणू शकली असती का, हा संशोधननीतीचा पहिला प्रश्न आहे. पाठ्यपुस्तकात आई नसल्यामुळे तो उद्भवतच नाही.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली. १३ मार्च १९६४ च्या पहाटे किटी जेनोव्हीस या तरुणीचा खून झाला. दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापले की ३८ प्रतिष्ठित नागरिक अर्धा तास बघत राहिले आणि कोणी पोलिसांना कळवले नाही. या बातमीमुळे जॉन डार्ली आणि बिब लाताने यांनी प्रयोग केले आणि १९६८ पासून ‘बघ्यांचा परिणाम’ ही संकल्पना रूढ झाली. त्यांचे प्रयोग स्वतःच्या पायांवर उभे आहेत. बातमी मात्र तशी राहिली नाही. मॅनिंग, लेव्हिन आणि कॉलिन्स यांनी २००७ मध्ये न्यायालयीन कागदपत्रांच्या आधारे दाखवले की ३८ जणांनी सारा प्रकार पाहिला याला पुरावा नाही. दुसरा हल्ला तर इमारतीच्या मागच्या बाजूला, आतल्या जिन्यापाशी झाला. तो बहुतेकांना दिसणे शक्य नव्हते. खिडकीतून एकजण ओरडला आणि हल्लेखोर काही वेळ पळाला होता. आपल्या मूळ बातमीत दोष होते, हे खुद्द त्या वृत्तपत्राने २०१६ मध्ये मान्य केले.

आणि एक शेजारीण खाली उतरली होती. मारेकरी अजून तिथेच असेल की काय, हे तिला माहीत नव्हते. मरणाऱ्या मुलीला तिने कवेत घेतले आणि मदत येईपर्यंत ती तिच्याजवळ राहिली. कित्येक दशके पाठ्यपुस्तकांच्या वहीत ही बाई नव्हती, कारण ती असती तर उदाहरण डागाळले असते. संकल्पना शिकवायला न उतरलेली माणसे हवी होती. याचा परिणाम विद्यार्थ्यावर काय होतो? गर्दीत कोणी पुढे येत नाही, ही माहिती हळूहळू अपेक्षा बनते, आणि अपेक्षेची सबब व्हायला वेळ लागत नाही. ब्रिटन, नेदरलँड्स आणि दक्षिण आफ्रिका येथील रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेल्या २१९ भांडणांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील दहापैकी सुमारे नऊ प्रसंगांत निदान एक तरी बघ्या मध्ये पडला होता. ही ओळ त्या धड्यात आली तर बघ्यांचा परिणाम खोटा ठरत नाही. फक्त खात्याची दुसरी बाजू भरते.

तिसऱ्या गोष्टीत वगळणे आकड्याच्या रूपाने आले आहे. स्टॅनले मिलग्रमने येल विद्यापीठात १९६१-६२ मध्ये केलेल्या प्रयोगांतून एक आकडा सर्वत्र पोहोचला: ६५ टक्के. इतके लोक प्रयोगकर्त्याच्या आज्ञेवरून ४५० व्होल्टपर्यंत गेले. झटके खोटे होते. देणाऱ्यांना ते खरे वाटावेत अशी योजना होती. हा आकडा ४० पुरुषांवरच्या एका प्रयोगाचा आहे. मिलग्रमने वीसहून अधिक प्रकारांनी प्रयोग केला होता. त्यांतील एका प्रकारात सोबतच्या दोघांनी भर प्रयोगात नकार दिला (ते दोघे मिलग्रमचेच साथीदार होते), आणि मग शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी चारच उरले. माणूस आज्ञेपुढे झुकतो, हे ६५ सांगते. शेजारचा उठला की तोही उठतो, हे १० सांगते. दोन्ही आकडे एकाच अभ्यासकाचे आहेत. परीक्षेत विचारला जातो तो पहिला.

इथे पाठ्यपुस्तकाच्या रचनेतील खरी खोट दिसते. डायना बॉमरिंड यांनी १९६४ मध्येच मिलग्रमच्या प्रयोगावर नैतिक आक्षेप घेतले. आज तो वाद पाठ्यपुस्तकात असतो, पण ‘संशोधनाची नीती’ या वेगळ्या प्रकरणात. तिथे विद्यार्थी शिकतो की सहभागी व्यक्तीला फसवणे, त्रास देणे, अंधारात ठेवणे गैर आहे. काही प्रकरणांनंतर तेच प्रयोग निष्कर्षांसाठी पुन्हा येतात आणि तिथे त्रासाचा शब्द नसतो. कसे मिळवले ते एका खात्यात, काय मिळाले ते दुसऱ्या खात्यात, आणि दोन्ही खाती कधी समोरासमोर येत नाहीत. जीना पेरी यांनी २०१२ च्या आपल्या पुस्तकात अभिलेखांवरून दाखवले की मिलग्रमच्या कित्येक सहभागींना खरा प्रकार लगेच सांगितला गेला नव्हता. आपण कोणाला तरी इजा केली, असे समजून ते घरी गेले. त्यांच्या रात्रीची नोंद निष्कर्षाच्या प्रकरणात कुठे करायची?

नर्सिंगच्या पहिल्या वर्षात नोंद हा कर्तव्याचाच भाग आहे. औषध केव्हा दिले, ताप किती, रुग्णाने काय सांगितले, हे जिथल्या तिथे लिहायचे. म्हणून संशोधननीतीतील सर्वांत जड गोष्ट या विद्यार्थ्यांनी सविस्तर वाचायला हवी. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास केला. त्यांतील ३९९ जणांना उपदंश होता. तुमचे ‘रक्त खराब आहे’ एवढेच त्यांना सांगितले गेले. पेनिसिलिन हा रामबाण उपाय हाती आल्यावरही तो त्यांना दिला नाही, कारण उपचाराविना रोग कुठवर जातो हे बघायचे होते. १९७२ मध्ये बातमी फुटली, १९७४ मध्ये कायदा झाला, १९७९ मध्ये बेलमॉन्ट अहवाल आला, १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली. नीतीच्या धड्यात हा सनावळीचा क्रम असतो.

त्यात युनिस रिव्हर्स क्वचितच भेटते. ती कृष्णवर्णीय परिचारिका होती आणि सुरुवातीपासून जवळजवळ शेवटपर्यंत या अभ्यासात राहिली. डॉक्टर बदलत गेले, ती बदलली नाही. गाडीतून त्या पुरुषांना ती तपासणीला आणी, त्यांच्या घरची विचारपूस करी. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधावर लेखकांत पहिले नाव तिचे आहे. वीस वर्षे माणसे टिकवून कशी धरली, याचा तो वृत्तान्त आहे: गाडीची सोय, अंत्यविधीचा खर्च आणि नर्सचा जिव्हाळा. शवविच्छेदनाला घरच्यांची संमती मिळावी, म्हणून तो खर्च दिला जाई. साहित्याच्या वाचकाने हा निबंध वाचला तर त्याला भीती वाटेल ती त्यातल्या शांत सुराची. तिचा जिव्हाळा खोटा नव्हता, आणि तोच त्या माणसांना बांधून ठेवणारी दोरी झाला. गोऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली, वर्णभेदाच्या राज्यात, एका कृष्णवर्णीय बाईच्या हाती किती सत्ता होती, हाही प्रश्न तितकाच खरा. रिव्हर्सला गुन्हेगार ठरवून किंवा बळी ठरवून तो संपत नाही. सेवा आणि आज्ञापालन ही दोन कर्तव्ये एकमेकांविरुद्ध उभी राहिली तर काय करायचे, हे शिकायला उद्याच्या परिचारिकेजवळ याहून जवळचे उदाहरण नाही.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला इतके सगळे कसे द्यायचे, हा आक्षेप रास्त आहे. पुस्तक जाड होईल, शिक्षकाला तास पुरणार नाहीत. पण मागणी अधिक मजकुराची नाही, समोरच्या नोंदीची आहे. बाळाच्या गोष्टीत आईची एक ओळ, ३८ या आकड्याशेजारी खाली उतरलेली शेजारीण, ६५ च्या शेजारी १०, आणि टस्कीगीच्या सनावळीत नर्सचे नाव. सगळे मिळून अर्धे पानही होत नाही. गोष्ट सोपी करणे हे शिक्षकाचे कामच आहे. ती अपुरी ठेवण्याची सवय मात्र सोपेपणाच्या नावाखाली खपते.

शेवटी एका शब्दाकडे बघू. मानसशास्त्राच्या मराठी प्रात्यक्षिकांत प्रयोग करणारा तो ‘प्रयोगकर्ता’ आणि ज्याच्यावर प्रयोग होतो तो ‘प्रयुक्त’. संस्कृतात या शब्दाचा अर्थ वापरलेला, योजलेला. एकजण करतो, दुसरा वापरला जातो. सारे नाते व्याकरणानेच ठरवून टाकले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांची इंग्रजी शीर्षके यासाठी लावून वाचावीत. २००० सालच्या शीर्षकातील संशोधन मानवी प्रयुक्तांवरचे आहे. २००६ मध्ये ‘प्रयुक्त’ जाऊन ‘सहभागी’ आले, पण संशोधन त्यांच्या‘वर’च राहिले. २०१७ मध्ये ते ‘वर’ही गेले आणि सहभागींचा समावेश असलेले संशोधन असे शब्द आले. त्या दोन शब्दांना सतरा वर्षे लागली. आपल्या प्रात्यक्षिकाच्या वहीत ‘प्रयुक्ताचे नाव’ या रकान्यापुढे वर्गातल्या मैत्रिणीचे नाव लिहिणाऱ्या मुलीला निदान त्या शब्दाचा अर्थ सांगावा. पुढे तिच्यासमोर संमतिपत्रावर अंगठा उठवायला कोणी बसले, तर ती घाई करणार नाही.