बी.एड.ची डायरी आणि 'द मॅनेज्ड हार्ट'

'प्रशिक्षणार्थी शिक्षकांच्या भावना आणि व्यावसायिक ओळख' असा विषय पीएच.डी.साठी घ्यायचं डोक्यात असेल, तर एक नाव तुमच्यासमोर येणारच : आर्ली हॉकशील्ड. त्यांचं 'द मॅनेज्ड हार्ट' १९८३ साली आलं आणि 'भावनिक श्रम' ही संकल्पना त्यातून रुजली. मी वाचलेल्या बऱ्याच प्रबंधांत ती दुसऱ्या प्रकरणात व्याख्येपुरती येते आणि तिथेच राहते. म्हणून हे पुस्तक आपल्या छात्राध्यापकांना कुठे लागू पडतं आणि कुठे नाही, ते आज बघू.

आधी पुस्तक काय म्हणतं? हॉकशील्ड यांनी डेल्टा एअरलाइन्सच्या हवाई सुंदरींचं प्रशिक्षण आणि काम जवळून पाहिलं. दुसऱ्या टोकाला थकीत बिलं वसूल करणाऱ्यांचं कामही पाहिलं. एकीने हसायचं, दुसऱ्याने धाक घालायचा. दोघांच्याही भावना नोकरीचाच भाग. कुठल्या प्रसंगी काय वाटायला हवं, याचे 'भावनांचे नियम' असतात. ते दोन प्रकारे पाळता येतात. एक वरवरचा अभिनय : आत काहीही असो, चेहरा सांभाळायचा. दुसरा खोल अभिनय : स्वतःला खरंच तसं वाटायला लावायचं. पगारासाठी हे रोज करत राहिलं की माणूस स्वतःच्या भावनांपासून तुटू शकतो, ही त्यांची काळजी.

आता पहिली अडचण. छात्राध्यापकाला पगार नसतो, उलट तोच फी भरतो. मग भावनेच्या बदल्यात त्याला मिळतं काय? गुण आणि सही. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमावलीने बी.एड. दोन वर्षांचं केलं आणि त्यात एकूण २० आठवडे शाळेत काढायचे ठरले. वर्ग दुसऱ्याचा, मुलं दुसऱ्याची, मागच्या बाकावर निरीक्षण तक्ता घेऊन बसलेले सर. तक्त्यात 'आत्मविश्वास' असा रकाना असतो. 'भीती' असा नसतो.

दुसरी अडचण नियमांची. विमान कंपनी नियम प्रशिक्षणातच शिकवते. आपले नियम कुठे लिहिलेले आहेत? मला ते शब्दांत सापडतात. 'गुरुजी' म्हटलं की साने गुरुजी आठवतात. ते १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथलं वसतिगृहही सांभाळत. सावित्रीबाईंवर शेण-दगड फेकले गेले, तरी त्या शाळेत जात राहिल्या, हे दर ३ जानेवारीला सांगितलं जातं. या माणसांचं मोठेपण वादापलीकडचं आहे. प्रश्न असा की त्यांचा त्याग तेवीस वर्षांच्या मुलीसमोर मोजपट्टी म्हणून ठेवला, की तिच्या थकव्याला बोलायला जागा उरत नाही.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण सरकारी आहे. २००० साली आलेल्या योजनेत नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षं 'शिक्षणसेवक' म्हणून जातात. त्याला वेतन नाही, मानधन. प्राथमिकसाठी ते ६ हजार होतं, २०२३ मध्ये १६ हजार झालं. रक्कम वाढली, शब्द तोच राहिला. सेवकाने 'पुरत नाही' म्हटलं की ते भूमिकेबाहेरचं वाटतं. ओळख घडते म्हणजे काय, हे समजायला हा एक शब्द पुरेसा आहे.

तिसऱ्या मुद्द्यावर मी हॉकशील्ड यांच्याशी सहमत नाही. कामाआधी माणसाचं एक 'खरं' मन असतं आणि काम त्याच्यावर ताबा मिळवतं, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे. पण पहिल्यांदा 'मॅडम' अशी हाक ऐकणारी मुलगी अजून मॅडम झालेलीच नसते. ती आधी मॅडमसारखी उभी राहते, मग हळूहळू होते. इथे अभिनय म्हणजे नुसतं तुटणं नव्हे, तो शिकण्याचाही मार्ग आहे. तो कधी शिकवतो आणि कधी पोखरतो, हा संशोधनाचा खरा प्रश्न.

आता डायरीकडे येते. आंतरवासितेतली चिंतनात्मक डायरी अनेकांना आयती 'माहिती' वाटते. मलाही वाटायची. मग मी माझी स्वतःची जुनी डायरी काढली. आठवीला 'धातू-अधातू' शिकवत होते. मॅग्नेशियमची फीत पॉलिश पेपरने घासायची राहिली आणि ती पेटेचना. तीन काड्या संपल्या, वर्ग हसला. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली मी तास संपल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले. त्या दिवशीच्या डायरीत लिहिलंय : 'विद्यार्थ्यांनी प्रयोगास उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' खाली सही, दहापैकी नऊ गुण.

ही नोंद खोटी म्हणून टाकून देऊ नका. माझ्या भावनेबद्दल ती काहीच सांगत नाही, पण काय वाटलेलं चालतं याबद्दल सगळं सांगते. तुम्ही अशा पन्नास डायऱ्या वाचून 'छात्राध्यापकांमध्ये सकारात्मक भावना आढळल्या' असा निष्कर्ष काढलात, तर तुम्ही भावना मोजलेल्या नसतात. नियम मोजलेला असतो. सही करणारे सर शेजारी उभे असताना भरून घेतलेल्या प्रश्नावलीचंही तेच.

म्हणून आराखडा लिहिण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. हा कागद कोण वाचणार आहे? त्याला गुण आहेत का? आणि याच दिवसाबद्दल ही व्यक्ती रूमवर मैत्रिणीला काय म्हणाली असती? डायरी वाचा, पण निकाल लागल्यावर त्याच व्यक्तीला भेटा, तीच नोंद तिच्यासमोर ठेवा आणि 'त्या दिवशी काय झालं होतं?' एवढंच विचारा. तिची परवानगी आणि तिचं नाव गुप्त ठेवण्याची हमी या दोन गोष्टी त्याआधी हव्यातच.

मला अजून कुणी तो प्रश्न विचारलेला नाही. माझ्या डायरीत ती फीत आजही उत्तम जळतेय.