शेतकऱ्यांचा र : एका अर्ध्या अक्षराचा वाद

'शेतकरी' हा शब्द संगणकाला कधीच त्रास देत नाही. शेतकरी विभक्तीत शिरला की त्रास सुरू होतो. शेतकऱ्याला, शेतकऱ्यांचा, शेतकऱ्यांसाठी. कष्टकरी, वारकरी, व्यापारी, कर्मचारी, जिल्हाधिकारी, पुढारी या सगळ्यांची हीच गत. प्रथमेत उभे आहेत तोवर सारे ठीक; त्यांना काही द्यायचे, त्यांचे काही सांगायचे म्हटले की 'री'चा 'ऱ्या' होतो आणि शब्दात तो आडवा, पापणीसारखा अर्धा र येतो. लासलगावच्या कांद्याची बातमी असो, त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथ यात्रेची असो की काळाराम मंदिराच्या पायऱ्यांची, नाशिकवर चार ओळी लिहायच्या तर या अक्षरावाचून चालत नाही. वेबसाठी आज्ञावली लिहिणाऱ्या मंडळींमध्ये या अक्षरावरून दीर्घ काळ मतभेद चालत आले आहेत. त्या वादाची चिकित्सा करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी संगणकशास्त्र शिकलेलो नाही. डीटीपीच्या कामातून संकेतस्थळांच्या कामाकडे आलो आणि जे कळले ते प्रमाणके वाचून, खटपट करून कळले. मात्र हा वाद मुळात मराठीचा आहे, म्हणून वाङ्मयीन अंकाच्या वाचकांपुढे तो मांडायला हरकत नसावी.

आधी अक्षर नीट पाहू. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' बोलावले तर प्रवचन होईल, 'आचाऱ्यांना' बोलावले तर स्वयंपाक. हा फरक केवळ डोळ्यांचा नाही. 'दर्या' म्हणताना 'द'वर आघात येतो, 'दऱ्या' म्हणताना येत नाही. वृत्तात लिहिणाऱ्याला हे सांगावे लागत नाही: पहिल्या शब्दातला 'द' तो गुरू धरतो, दुसऱ्यातला लघू. 'वऱ्हाड'मधला 'व' आणि 'तऱ्हा'मधला 'त' लघूच राहतात. म्हणजे कान, छंद आणि अर्थ या तिन्ही ठिकाणी मराठी या दोन जोडाक्षरांना वेगळे मानते. शिशाच्या खिळ्यांच्या काळात म्हणून भांडण नव्हते. रफाराचा खिळा वेगळा, या अर्ध्या र चा वेगळा. जुळाऱ्याने योग्य तो उचलायचा. डीटीपीच्या जुन्या टंकांतही दोन आकारांना दोन जागा होत्या.

युनिकोडमध्ये आकाराला जागा नसते, अक्षराला असते. क्रमांक मिळतो तो पूर्ण 'र'ला. त्याला हलन्त जोडून पुढे व्यंजन आले की काय दिसावे, हे नियमाने ठरते. र, हलन्त, य अशी मालिका आली की रफार. मग तेच र, हलन्त, य घेऊन मराठीतला दुसरा आकार कसा मागायचा?

याची दोन उत्तरे दिली गेली आणि दोन्ही आजवर ग्राह्य आहेत. सारे दुखणे इथे आहे. पहिले उत्तर भारतीय आहे. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या 'इस्की' या प्रमाणकात साऱ्या भारतीय लिप्या एकाच तक्त्यात बसवल्या होत्या. तमिळ आणि मल्याळममधल्या कठोर र साठी त्यात एक घर होते. देवनागरीत त्याचे रूप खाली टिंब दिलेला 'ऱ'. हे पूर्ण अक्षर मराठीत कोणी लिहीत नाही. पण त्याला हलन्त लावला की आपला पापणीचा र उमटावा, अशी सोय करण्यात आली. माझा तर्क असा की घर रिकामे होते आणि मराठीचे एक बिऱ्हाड जागा शोधत होते, म्हणून ते तिथे गेले. युनिकोडने हीच सोय उचलली. तिथे या अक्षराचा क्रमांक ०९३१ आहे. तक्त्यातली टीप सांगते की हे अक्षर द्राविडी भाषांतल्या र चे लिप्यंतर करण्यासाठी आहे, आणि पापणीच्या र चा उल्लेख त्यानंतर येतो. मराठी माणसाने आपल्या शेतकऱ्याची नोंद कुठे आहे म्हणून तो तक्ता उघडावा, तर तो पाहुण्याच्या घरात पोटभाडेकरू म्हणून सापडतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर ज्या कळीवर र आहे तीच शिफ्टसह दाबली की हा टिंबवाला र येतो. हलन्त देऊन य टाइप केला की टिंब नाहीसे होते. नवख्या टंकलेखकाला हे टिंब चूक वाटते आणि तो ते खोडतो. हे मी अनेकदा पाहिले आहे.

दुसरे उत्तर १९९६ च्या युनिकोड आवृत्ती २.० मधले. र आणि हलन्तानंतर एक अदृश्य चिन्ह घालायचे. त्याचे नाव शून्य रुंदीचा जोडक. ते दिसत नाही, जागा घेत नाही, फक्त मागच्या अक्षराला अर्धे रूप घ्यायला सांगते. पुढच्या आवृत्त्यांनी इस्कीची पद्धत मुख्य मानली आणि ही दुसरी पद्धत जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवली. पण रोमन अक्षरे टाइप करून देवनागरी उमटवणाऱ्या अनेक जुन्या साधनांनी जोडकाचीच वाट धरली होती, आणि वेबवरच्या मराठीचा पहिला मोठा साठा तशा साधनांतून झाला. परिणामी 'दऱ्या' आणि 'दर्‍या' हे शब्द कागदावर एकच, संगणकाला मात्र दोन. आत्ताच्या वाक्यात मी दोन्ही लिहून ठेवले आहेत. वाचकाने कोणते कोणते ते ओळखून दाखवावे!

प्रमाणकाचे हे दोन नियम मी पुनःपुन्हा वाचले आहेत. मराठी आणि नेवारी लेखनात हे रूप प्रचलित आहे, एवढेच ते सांगतात. त्याने शब्दाचा अर्थ बदलतो, हे त्या नियमांत नाही. मला ही उणीव मोठी वाटते, कारण पुढचा सारा वाद या मौनातून निघाला. जगभरच्या आज्ञावलीकारांनी हे वाचले आणि समजूत करून घेतली की मराठी लोकांना र चा एक विशिष्ट आकार आवडतो. आवड म्हटली की ती टंकाची बाब झाली, शोधाची किंवा ओळखीची उरली नाही.

मराठीत अशा खरोखरीच्या आवडी आहेतही. आपला 'ल' आणि आपला 'श' हिंदी वळणाच्या टंकांत वेगळे दिसतात आणि ते मराठी डोळ्याला खुपते. वेबपानाच्या डोक्यावर भाषा मराठी असल्याची 'एमआर' ही खूण घातली की चांगले टंक आपली वळणे दाखवतात. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवली, तेव्हा या वळणांचाही निवाडा झाला. परंतु हिंदी वळणाचा 'ल' पाहून कोणी वेगळा शब्द वाचत नाही. तिथे टंकावर सोपवणे रास्त आहे. ल, श आणि पापणीचा र यांना 'मराठीच्या प्रादेशिक पसंती' अशा एकाच गाठोड्यात बांधणे ही या चर्चेतली मूळ गफलत. ती परक्यांनीच केली असेही नाही. मराठी टंकप्रेमीही तीनही गोष्टी एका श्वासात सांगतात.

गफलतीचा सर्वांत बोलका परिणाम वेबपत्त्यांच्या बाबतीत घडला. रोमनेतर लिप्यांतल्या पत्त्यांचे पहिले नियम २००३ साली आले. त्यांत अदृश्य चिन्हे सरळ गाळली जात. जोडक गाळला की र, हलन्त, य उरते, म्हणजे रफार. डोंगरातल्या दऱ्यांचा पत्ता लिहिणारा थेट समुद्रावर जाणार. २०१० च्या नव्या नियमांनी हलन्तानंतरचा जोडक मान्य केला. मग जुना अर्थ धरायचा की नवा, यावर ब्राउझर बनवणाऱ्यांत मतभेद झाले, कारण एकच पत्ता दोन ब्राउझरांत दोन ठिकाणी नेणे ही लबाडांना मेजवानीच. या मतभेदात अवघी चार चिन्हे अडकली होती: जर्मनचे दुहेरी स, ग्रीकमधला शब्दान्तीचा सिग्मा, आणि आपल्या लिप्यांना लागणारे जोडक व विजोडक. जर्मनमध्ये 'मापे' आणि 'वस्तुमान' हे शब्द लिखाणात त्या दुहेरी स नेच वेगळे राहतात. आपल्या दर्या-दऱ्यासारखे नेमके उदाहरण. जर्मनांचे उदाहरण सर्वांना कळत होते, कारण ते अक्षर दिसते. आपले चिन्ह अदृश्य, आणि अदृश्य म्हणजे संशयित. सुरक्षिततेची बाजू मांडणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. डोळ्याला एकसारखे दिसणारे दोन पत्ते बँकेच्या ग्राहकाला लुबाडू शकतात, ही भीती खरी आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये 'भारत' हे देवनागरी उपपद सुरू झाले. अशा उपपदांच्या मूळ पातळीवर जोडक चालतच नाही. तिथे पापणीचा र हवा तर ०९३१चीच वाट. म्हणजे द्राविडी घरातले पोटभाडेच शेवटी कामी आले.

जोडक गाळण्याची खोड केवळ पत्त्यांपुरती नाही. नाव, निरोप, मजकूर, जे काही बाहेरून येते ते 'स्वच्छ' करून घ्यायचे, हा आज्ञावलीकारांचा धडा आहे आणि अदृश्य चिन्हे त्यात प्रथम जातात. जुन्या मराठी संकेतस्थळांवर 'शेतकर्यांना' असे रफाराचे विचित्र रूप दिसते, ते बरेचदा लेखकाचे अज्ञान नसून या सफाईचे फळ असते. अलीकडे ही खोड कमी झाली आहे. आई, वडील आणि मूल यांचे एकत्र कुटुंब दाखवणारी मोबाइलवरची चित्रचिन्हे याच जोडकाने जोडलेली असतात. जोडक गाळला की कुटुंब विस्कटते, आणि ते पाहून जगभरचे लोक तक्रार करतात. त्या कुटुंबाच्या पदराला धरून आमचा शेतकरी वाचला, असा माझा समज आहे.

शोधाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. अनेक शोधयंत्रणांच्या पोटात 'ल्युसीन' नावाचे मुक्त साधन असते. हिंदीसाठी त्यात एक साचा आहे: तो ऱ चा र करतो, जोडक काढतो, हलन्तही काढतो. हिंदीला ते मानवते. मराठी मजकुराला हाच साचा लावला तर दोन्ही पद्धतींनी लिहिलेले 'दऱ्या' एकत्र सापडतील, हा फायदा. पण दर्याही त्यांतच येईल आणि आचाऱ्याला शोधायला गेलेल्याला सगळे आचार्य भेटतील. साचा लावलाच नाही, तर अर्धेच शेतकरी सापडतात. शिवाय ०९३१ हे अक्षर 'र' आणि नुक्ता असे फोडूनही साठवता येते. म्हणजे तिसरे रूप.

हे अभ्यासकाचे चोचले नव्हेत. काही वर्षांपूर्वी एका संस्थेची सभासदयादी जुळवण्याचे काम माझ्याकडे आले होते. दोन वेगळ्या काळांत, वेगळ्या साधनांनी भरलेल्या दोन याद्या. कुऱ्हाडे, वऱ्हाडे, बऱ्हाटे, गोऱ्हे अशी जी जी आडनावे होती, ती एका यादीतून दुसरीत सापडेनात. पडद्यावर दोन्ही नावे शेजारी, हुबेहूब, आणि यंत्र म्हणते ही माणसे वेगळी. पाटील आणि पवार बिनबोभाट जुळले. संबंधितांना कारण समजावले तेव्हा उत्तर मिळाले, 'दिसतंय तर बरोबर.' सभासदयादीत फार तर लाभांश चुकतो. वारसनोंद किंवा अनुदानाच्या यादीत असेच घडले तर काय, ते कुऱ्हाड्यांना विचारावे.

आता आपल्याकडच्या दोन पक्षांविषयी. युनिकोडने मराठीवर अन्याय केला, आम्हाला स्वतंत्र क्रमांक द्या, असे एक पक्ष म्हणतो. मला हे पटत नाही. आधीच तीन रूपे आहेत. स्वतंत्र क्रमांक म्हणजे चौथे, आणि जुना साठा जिथल्या तिथे. 'ॲ'चा अनुभव ताजा आहे. २००८ मध्ये आवृत्ती ५.१ मध्ये त्याला स्वतःचा क्रमांक मिळाला, योग्यच झाले; पण तोवर लोक अ वर चंद्र देऊन किंवा हिंदीचा ऍ घेऊन काम भागवत होते आणि ते लेखन आजही तसेच पडून आहे. वकिलाच्या पाटीवरचा 'ॲड.' शोधून पाहा. दुसरा पक्ष साहित्यिकांचा. १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार शुद्धलेखन-नियम यांवर आपण अनुस्वार-अनुस्वार करून भांडलो, ऱ्हस्व-दीर्घासाठी आजही बाह्या सरसावतो. शब्दाची दोन अदृश्य रूपे नांदत आहेत, हा मात्र छपाईवाल्यांचा प्रश्न समजून सोडून दिला. जो शुद्धलेखनाचा प्रश्न होता तो असा तंत्राच्या ओसरीवर पडून राहिला.

उपाय फार मोठा नाही. मजकूर साठवताना र, हलन्त, जोडक आणि पुढे य किंवा ह दिसला की तिथे ०९३१ आणि हलन्त ठेवायचा. फोडलेला नुक्ताही त्यातच मिटवायचा. सफाई करण्याआधी हे करायचे, नंतर नव्हे. शोधतानाही तेच. ही चार-पाच ओळींची आज्ञावली आहे. इतर ठिकाणचा जोडक मात्र जपायचा, कारण मुद्दाम सुटी लिहिलेली जोडाक्षरे त्यावर उभी असतात. मोबाइलवरचे आजचे बरेच कळफलक ०९३१च देतात, तेव्हा नवे लेखन बहुतांशी एका वाटेला लागत आहे. खरी अडचण सफाईत जोडक आधीच गमावलेल्या जुन्या मजकुराची. 'शेतकर्यांना' हा शब्द कोशाच्या आधाराने दुरुस्त करता येतो, कारण तसा दुसरा शब्द मराठीत नाही. 'पायर्या'चेही तसेच. पण जिथे 'दर्या' किंवा 'आचार्यांनी' लिहिले आहे, तिथे ते मूळचेच आहे की जोडक गळून झाले आहे, हे मागचेपुढचे वाक्य वाचल्याशिवाय ठरत नाही. दिवाळी अंकांचे जुने साठे वेबवर चढवण्याची कामे ठिकठिकाणी चालू आहेत. त्या कामांत मुद्रितशोधकाची जागा ठेवलेली नसते.