अर्ध्या इंचाची पवनचक्की

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड हे भूशिर आहे. त्याच्या दक्षिणेला नॅन्टकेट साउंड हा समुद्राचा पट्टा लागतो. २००१ साली जिम गॉर्डन या ऊर्जा-उद्योजकाने तिथल्या हॉर्सशू शोल या उथळ भागात पवनचक्क्या उभारण्याची योजना मांडली. 'केप विंड' हे तिचे नाव. आराखड्यात पुढे १३० पवनचक्क्या आणि ४६८ मेगावॉट क्षमता निश्चित झाली. वाद सोळा वर्षे चालला आणि समुद्रात एकही पवनचक्की उभी राहिली नाही. या प्रकरणावर ऊर्जा, कायदा आणि राजकारण या अंगांनी बरेच लिहिले गेले आहे. मला इथे फक्त त्यातल्या प्रचाराची भाषा तपासायची आहे.

दोन विधाने घेऊ. विरोधक म्हणत, ही पवनचक्की स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याहून उंच आहे. समर्थक म्हणत, किनाऱ्यावरून ती क्षितिजावर जेमतेम अर्धा इंच दिसेल. वाचणाऱ्याला वाटते, दोघांपैकी एक खोटे बोलतो आहे. पण हिशेब मांडून पाहावा. पात्याच्या टोकापर्यंत उंची सुमारे ४४० फूट; चौथऱ्यासकट पुतळा ३०५ फूट. केप कॉडच्या किनाऱ्यापासून सर्वांत जवळचे अंतर सुमारे पाच मैल. हात लांब करून पट्टी धरली, तर एवढ्या अंतरावरची एवढी वस्तू अर्ध्या इंचाहून किंचित कमीच भरते. म्हणजे दोन्ही विधाने खरी! एकाने वाचकाला खांबाच्या बुडाशी उभे केले, दुसऱ्याने वाळूत. वाचकाला कुठे उभे करायचे, हे ठरले की उरलेले काम आकडा आपोआप करतो.

विधानाइतकेच महत्त्व बोलणाऱ्याला होते. वॉल्टर क्रॉन्काइट हे अमेरिकी दूरचित्रवाणीवरचे अत्यंत विश्वासार्ह वृत्तनिवेदक. २००३ साली ते विरोधकांच्या जाहिरातीत दिसले, आणि त्याच वर्षी गॉर्डन यांच्याशी बोलल्यावर त्यांनी जाहिरातीतून अंग काढून घेतले. पर्यावरणाचे खटले लढवणारे रॉबर्ट केनेडी (धाकटे) यांनी २००५ च्या डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये विरोधाचा लेख लिहिला. केनेडी कुटुंबाचे घर याच किनाऱ्यावर आहे. विरोधी संघटनेचे मोठे देणगीदार बिल कॉक हे कोळसा आणि पेट्रोलियम कोकच्या व्यापारातले उद्योगपती. त्यांचीही मालमत्ता तिथेच. विलंब करत राहणे हा आपला डावपेच असल्याचे त्यांनी पुढे एका मुलाखतीत मोकळेपणाने सांगितले.

समर्थकांना यातून आयते शस्त्र मिळाले. 'माझ्या परसात नको' म्हणणारे श्रीमंत नौकाविहारी, अशी विरोधकांची प्रतिमा त्यांनी रंगवली. वेंडी विल्यम्स आणि रॉबर्ट व्हिटकॉम्ब यांचे २००७ चे 'केप विंड' हे पुस्तक प्रकल्पाची बाजू उघडपणे घेते. त्याच्या उपशीर्षकात पैसा, प्रसिद्धी, वर्ग आणि राजकारण हे शब्द ओळीने येतात. ही चौकट चुकीची नाही, पण अपुरी आहे. विरोधकाचा हेतू उघडा पाडला की त्याच्या मुद्द्याला उत्तर दिले, असा समज तिच्यातून रुजतो. विजेच्या दराचे उदाहरण घ्या. २०१० साली नॅशनल ग्रिडशी झालेल्या करारात युनिटचा दर १८.७ सेंट ठरला, शिवाय दरवर्षी साडेतीन टक्के वाढ. तो त्या काळच्या बाजारभावाहून बराच चढा होता. हा प्रश्न एखाद्या कोळसा-व्यापाऱ्याने विचारला म्हणून तो सामान्य ग्राहकाचा प्रश्न राहत नाही का?

या चौकटीचा खरा बळी ठरले वाम्पानोआग हे तिथले मूलनिवासी लोक. त्यांच्या नावाचाच अर्थ 'पहिल्या प्रकाशाचे लोक' असा आहे. मॅशपी आणि अक्विना या त्यांच्या दोन्ही समूहांचे म्हणणे असे की, सूर्योदयाच्या आपल्या विधींना मोकळे क्षितिज लागते; शिवाय आज पाण्याखाली असलेला तो तळ एके काळी जमीन होता आणि तिथे पूर्वजांच्या खुणा असू शकतात. जानेवारी २०१० मध्ये नॅन्टकेट साउंड ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीस पात्र असल्याचा निर्वाळा मिळाला. वारसा-जतनाच्या सल्लागार परिषदेनेही प्रकल्प नाकारण्याची शिफारस केली. तरीही २८ एप्रिल २०१० रोजी अंतर्गत खात्याचे मंत्री केन सालाझार यांनी मंजुरी दिली.

त्यांचे म्हणणे दोन्ही प्रचारांनी आपापल्या सोयीने वापरले. विरोधी संघटनेने ते आपल्या मुद्द्यांच्या यादीत जोडले. समर्थकांकडून शंका आली, की हा विलंबाचाच नवा डाव असावा. बंगल्याच्या गच्चीतून दिसणारे क्षितिज आणि प्रार्थनेसाठी लागणारे क्षितिज या दोन गोष्टी 'दृश्य परिणाम' या एकाच सरकारी शब्दात बसवल्या गेल्या. प्रचाराच्या भाषेने केलेले हे मोठे नुकसान मला वाटते. पवनऊर्जेची गरज मला मान्य आहे, आणि म्हणूनच हे नोंदवणे आवश्यक वाटते.

शेवट मात्र प्रचाराने झाला नाही. राज्यातल्या जनमत चाचण्यांत प्रकल्पाला पाठिंबाच अधिक होता. पण खटले चालत राहिले, भांडवल उभारणीची मुदत हुकली आणि जानेवारी २०१५ मध्ये दोन्ही वीज कंपन्यांनी करार मोडले. डिसेंबर २०१७ मध्ये गॉर्डन यांच्या कंपनीने प्रकल्प सोडून दिला. लोकांचे मन वळवण्याची गरजच पडली नाही. निर्णय लांबवता येणे पुरेसे होते.

आपल्याकडेही २०२४ साली केंद्र सरकारने गुजरात व तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या पवनऊर्जा प्रकल्पांना अर्थसाहाय्य मंजूर केले आहे. उद्या आपल्याही पुढे उंचीचे आणि अंतराचे आकडे येतील. तेव्हा आकडा खरा की खोटा, एवढे पाहून थांबू नये. तो सांगणारा आपल्याला कुठे उभे करतो आहे, आणि त्या जागेवरून कोण दिसेनासे होते आहे, हेही विचारावे. त्या समुद्रावर रोज होडी घालणाऱ्याला आपले म्हणणे आपल्या शब्दांत मांडता आले की कुणाच्या यादीतला एक मुद्दा म्हणून, हेही तेव्हाच कळेल.