विहिरीवरची नावं आणि पुस्तकातला परिच्छेद



इतिहास लिहिला कसा जातो, यावर या मालेत आपण बरंच बोललो. आज तो शिकवला कसा जातो आणि शाळेबाहेर तो कुठे जिवंत राहतो, याकडे वळू. उदाहरण घेतलंय इंडोनेशियाचं. इतक्या लांब कशाला जायचं, असं काहींना वाटेल. पण सुरुवात आपल्याच स्वयंपाकघरातून करता येते. श्रीखंडात आपण जायफळ किसून घालतो, पुरणात घालतो, बाळगुटीत उगाळतो. आज कोकणातल्या वाड्यांमध्येही जायफळाची झाडं दिसतात. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जगातलं जवळजवळ सगळं जायफळ एकाच ठिकाणाहून यायचं. ते ठिकाण म्हणजे इंडोनेशियाच्या मालुकू भागातली बांदा बेटं. नकाशावर शोधायला भिंग घ्यावं लागेल इतकी लहान.

या बेटांवर १६२१ साली काय झालं, ते आधी थोडक्यात पाहू. डच ईस्ट इंडिया कंपनीला जायफळाची मक्तेदारी हवी होती. बांदाचे लोक मात्र जावा, मलाक्का, अरब, इंग्रज, जो येईल त्याच्याशी व्यापार करत. तिथे राजा नव्हता. गावोगावचे मातब्बर लोक मिळून कारभार बघत, त्यांना 'ओरांग काया' म्हणत. कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरसून कून आरमार घेऊन आला, बेटं जिंकली आणि त्याच वर्षी मे महिन्यात ४४ ओरांग कायांची मुंडकी उडवली गेली. हे काम कंपनीच्या चाकरीतल्या जपानी भाडोत्री सैनिकांनी केलं. बेटांची वस्ती अंदाजे १५,००० होती असं मानतात. त्यातले हजारभरच बेटांवर उरले. बाकीचे मारले गेले, उपाशी मेले, गुलाम म्हणून बटाव्हियाला नेले गेले किंवा होड्यांतून पळाले. रिकाम्या झालेल्या जमिनीचे ६८ तुकडे पाडले, त्यांना 'पेर्कन' म्हणत. ते युरोपीय मळेवाल्यांना दिले आणि राबायला ठिकठिकाणाहून गुलाम आणले. त्यांत आपल्या हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून नेलेले लोकही होते.

आता ही गोष्ट आज कुठे कुठे वाचायला मिळते? आम्हाला तीन जागा दिसतात. तिन्हींकडे आपण समीक्षकाच्या नजरेनं पाहू. म्हणजे काय, तर प्रत्येक जागा काय सांगते आणि काय गिळते, हे विचारू.

पहिली जागा नेदरलँड्समधली. होर्न हे कूनचं जन्मगाव. तिथे १८९३ मध्ये त्याचा पुतळा उभारला. २०११ साली एका क्रेनचा धक्का लागून तो पडला आणि पुन्हा उभा करावा की नाही, यावर गावात वाद पेटला. शेवटी तो उभा राहिलाच, फक्त खालच्या पाटीवरचा मजकूर बदलला, टीका त्यात आली. आमचं मत विचाराल तर पाटी बदलली हे बरं झालं. पण पुतळा उंच आणि पाटी खाली. येणारा-जाणारा आधी काय बघतो, हे सांगायची गरज नाही.

दुसरी जागा इंडोनेशियाची राष्ट्रीय इतिहासकथा. तिथल्या पिढ्या एक वाक्य ऐकत वाढल्या: आपण ३५० वर्षं गुलामीत होतो. हे वाक्य स्वातंत्र्यलढ्यात कामाचं होतं, यात शंका नाही. पण ते खरं आहे का? जी. जे. रेसिंक या कायदेपंडितानं ते फार पूर्वीच तपासून दाखवलं की द्वीपसमूहातली अनेक राज्यं विसाव्या शतकाच्या तोंडापर्यंत स्वतंत्र होती. म्हणजे ३५० वर्षांचा हिशोब सगळ्यांना सारखा लागू होत नाही. आता गंमत बघा. बांदाला तो लागू होतो, जवळजवळ पूर्ण लागू होतो. तरी या वाक्यात बांदा दिसत नाही, कारण सगळ्यांचं दुःख एकाच मापानं मोजलं की ज्याचं खरंच तेवढं होतं, त्याचंही वेगळं उरत नाही. अशा मांडणीत बांदाला मिळतो एक परिच्छेद: मसाले, कून, कत्तल. मग शेकडो वर्षं शुकशुकाट. आणि पुन्हा नाव येतं ते थेट १९३६ मध्ये, मोहम्मद हत्ता आणि सुतान शहरीर यांना डच सरकारनं तिथे हद्दपार केलं तेव्हा. आज तिथल्या एका बेटाचं नाव हत्ता आहे, दुसऱ्याचं शहरीर. राष्ट्रानं आपल्या नेत्यांची आठवण नकाशावर कोरली, हे योग्यच. पण मधल्या तीनशे वर्षांत तिथे कोण राहत होतं?

तिसरी जागा बांदाच्या गावांमधली. तिथे 'चाकालेले' नावाचं युद्धनृत्य होतं. डोक्यावर पिसांचे टोप, हातात ढाल आणि कोयता, मागे ढोल आणि घंटा. मालुकूमध्ये इतरत्रही चाकालेले होतं, पण बांदातल्या नाचाला १६२१ ची आठवण जोडलेली आहे. ज्यांची मुंडकी उडवली, त्यांच्यासाठी तो नाच आहे. नाचाआधी गावातल्या पवित्र जागांवर जाऊन विधी करावे लागतात, नुसते कपडे घालून उभं राहता येत नाही. नैरा बेटावर पारिगी रांते ही विहीर आहे. तिच्यापाशी मारल्या गेलेल्यांची नावं कोरलेली आहेत. डच कागद ४४ म्हणतात, गावातले लोक बोलताना ४० म्हणतात. मोठ्या बेटावरच्या लोंतोर गावात काही वर्षांच्या अंतरानं जुनी विहीर उपसून धुण्याचा सोहळा होतो, आणि बाहेर गेलेले गावकरी त्यासाठी घरी परततात.

इथे टाळ्या वाजवून थांबायचा मोह होतो. पुस्तक खोटं, परंपरा खरी, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. आम्ही तसं म्हणणार नाही. परंपराही काहीतरी गिळते, आणि बांदात ती गिळते ती गोष्ट फार मोठी आहे.

आज बांदात हा नाच कोण करतं? बहुतेक जण त्या ओरांग कायांचे वंशज नाहीत. ते त्या गुलामांचे, कैद्यांचे, नंतर आलेल्या मजुरांचे आणि व्यापाऱ्यांचे वंशज आहेत. कुणी जावाचे, कुणी बुतोनचे, कुणी आणखी कुठले. मूळ बांदाची भाषा आज बांदात बोललीच जात नाही, तिथे मलय बोलतात. ती भाषा जिवंत आहे काई बेटांवर, बांदा एली आणि बांदा एलात या दोन गावांत. १६२१ ला जे होड्यांतून निसटले, त्यांची ही वस्ती. म्हणजे भाषा एका बेटावर आणि नाच दुसऱ्या बेटावर. रक्त तिकडे, माती इकडे.

काहीजण म्हणतील, मग हा नाच उसना झाला. आम्हाला उलट वाटतं. ज्यांना जबरदस्तीनं आणून त्या जमिनीवर राबवलं, त्यांनी त्या जमिनीच्या मेलेल्यांना आपलं मानलं, त्यांचे विधी सांभाळले. ही उसनवारी म्हणता येत नाही. हे नातं त्यांनी स्वतः जोडलंय. वारसा फक्त रक्तानं येतो असं धरलं, तर बांदाचा इतिहास सांगायला बांदात कोणी उरतच नाही.

पण त्याच लोकांचे स्वतःचे पूर्वज, पेर्कनवर जायफळ तोडणारे, वाळवणारे, फटके खाणारे, त्यांचा नाच कुठे आहे? त्यांची नावं कोणत्या विहिरीवर आहेत? मातब्बरांची नावं दगडावर चढली. राबणाऱ्यांची चढली नाहीत. इथे नाच आणि पाठ्यपुस्तक एकमेकांसारखेच वागतात. दोघांनाही शूरवीर हवे असतात.

म्हणून शाळेत काय करावं, हा प्रश्न साधा राहत नाही. इंडोनेशियाच्या १९९४ च्या अभ्यासक्रमात 'मुआतान लोकाल', म्हणजे स्थानिक आशयाचा विषय आला. कल्पना चांगली. धोका एवढाच की स्थानिक परंपरा त्या तासाला जाते, इतिहास इतिहासाच्या तासाला जातो, आणि दोघांची गाठ पडत नाही. मुलं नाच शिकतात पाहुण्यांसमोर करायला आणि सनावळ्या पाठ करतात परीक्षेसाठी. नाचात काय आठवायचं आहे हे नाच शिकवणारा सांगत नाही, आणि सनावळीत कोण वगळलंय हे इतिहासाचे गुरुजी विचारत नाहीत. आमच्या मते मुलांसमोर एकच प्रश्न ठेवावा: ४४ की ४०? मग कागद काढा, विहिरीपाशी जा, आजोबांना विचारा. आकडा जुळला नाही तरी चालेल. इतिहास म्हणजे काय, ते त्या न जुळण्यात कळतं.

आणि याची सुरुवात बांदात एकदा झालेली आहे. हद्दपारीत असताना हत्ता आणि शहरीर तिथल्या मुलांना घरी बोलावून दुपारी शिकवत. १९४२ मध्ये त्यांना विमानानं न्यायला आले, तेव्हा जागा अपुरी पडली. शहरीरनी काही मुलांना सोबत घेतलं आणि हत्तांची पुस्तकांची खोकी मागे राहिली. पुस्तकांवर जिवापाड प्रेम करणाऱ्या माणसाची खोकी! त्या क्षणी पुस्तक आधी की मूल आधी, हे ठरलं होतं.

इतिहासशिक्षणाला आमचं सांगणं तेवढंच आहे. मुलाला जागा करून द्या. त्याच्या आजीला येणारी गोष्ट, त्याच्या गावची विहीर, त्याच्या पायात असलेला नाच, हे सगळं वर्गात येऊ द्या, आणि मग त्यालाही प्रश्न विचारा. परंपरेला प्रश्न विचारणं म्हणजे तिचा अपमान नव्हे. बांदाच्या पोरांना उद्या विहिरीवर आणखी काही नावं कोरावीशी वाटली, जायफळ तोडणाऱ्यांची, तर ती परंपरा मोडली असं आम्ही म्हणणार नाही. ती पुढे गेली असं म्हणू.

आणि आपण? पुढच्या वेळी जायफळ किसताना एवढं आठवलं तरी पुष्कळ. प्रश्नोत्तरांसाठी आता वेळ ठेवलेला आहे.